निर्मिती संस्थेची खूण आणि तिची धून

लाखांदूर तालुक्यातील एका तरुणाने विचारले आहे की, आम्ही तीन मित्रांनी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे चित्रीकरण करणारी छोटी निर्मिती संस्था काढली आहे; प्रत्येक नाटकाच्या आरंभी संस्थेचे बोधचिन्ह आणि त्याबरोबर एखादी धून असावी असे आम्हाला वाटते; मालिकांच्या आधी व शेवटी असे चित्र आणि संगीत येण्याची रीत कुठून आली, आणि इंग्रजी चित्रपटांच्या आरंभी ऐकू येणारे ढोल-तुताऱ्यांचे ते प्रसिद्ध संगीत आम्ही वापरले तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण केवळ कायद्याचे नाही. ते नीट समजावे म्हणून आधी पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. मी देसाईगंजला, म्हणजे आपल्या वडशाला, १९८६ पासून टीव्ही दुरुस्तीचे काम केले आणि पुढे नाटकांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळलो. त्यामुळे या धुना मी घरात बसून ऐकल्या त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा दुकानाच्या बाकावर, मागचे झाकण काढलेल्या संचातून ऐकल्या आहेत.

सुरुवातीला एक घोळ दूर करू. वाहिनीची ओळख, निर्मिती संस्थेची खूण आणि कार्यक्रमाचे शीर्षकगीत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरदर्शनचे फिरत येणारे चिन्ह ही वाहिनीची ओळख होय. ‘रामायण’ मालिकेबरोबर दिसणारे सागर आर्ट्स हे नाव निर्मिती संस्थेचे होय, आणि त्या मालिकेचे गीत हे त्या मालिकेपुरतेच होय. शीर्षकगीत मालिकेबरोबर संपते. संस्थेची खूण मात्र एका मालिकेतून दुसरीत जाते आणि हे काम आमचे आहे, याची जबाबदारी आमची आहे, असे सांगते. तुम्हाला हवी आहे ती ही तिसऱ्या जातीची गोष्ट नव्हे, मधली आहे. म्हणून तिची लांबी, तिचा आवाज आणि तिचा स्वभाव शीर्षकगीतासारखा असून चालत नाही.

या रीतीचे मूळ दूरचित्रवाणीच्या आधीचे, रेडिओच्या काळातले आहे. अमेरिकेतील एनबीसी या रेडिओ केंद्रांच्या जाळ्यावर १९२० च्या दशकाच्या अखेरीस कार्यक्रम संपल्यावर तीन घंटास्वर वाजू लागले. आपल्या भाषेत सांगायचे तर मंद्र पंचम, मग मध्य सप्तकातला गंधार, आणि शेवटी षड्ज. ते श्रोत्यांच्या करमणुकीसाठी नव्हते. देशभर पसरलेल्या केंद्रांवरील तंत्रज्ञांना कार्यक्रम संपला, आता जोडणी बदला, असे एकाच क्षणी कळावे यासाठीची ती खूण होती. लोकांच्या कानात ती इतकी बसली की १९५० मध्ये अमेरिकेत तिची ध्वनिचिन्ह म्हणून नोंदणी झाली आणि त्या देशात अशी नोंद झालेला तो पहिला आवाज ठरला. कामाची गरज आधी होती आणि ओळख तिच्यामागून आली. हा क्रम लक्षात ठेवा, कारण या इतिहासात तो पुन्हा पुन्हा भेटतो.

आपल्याकडे आकाशवाणीच्या संकेतधुनेची गोष्ट याहून हृद्य आहे. भल्या पहाटे, केंद्र सुरू होण्याआधी तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे जे सूर येत, त्यांचे श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. युरोपातील ज्यूंवर संकट आले तेव्हा १९३४ मध्ये ते मुंबईत आले आणि पुढे तेथील रेडिओ केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. धून शिवरंजनीच्या सुरांवर आहे. धानाच्या बांधीत पहाटेच पाणी पाहायला निघालेल्या माणसाच्या खांद्यावरच्या ट्रान्झिस्टरमधून परदेशातून आश्रयाला आलेल्या एका संगीतकाराचे सूर आपल्या गावात पोहोचत होते आणि ते कोणाला परके वाटत नव्हते. परका माणूस या मातीतला राग घेऊन बसला, म्हणून असे झाले.

चित्राची बाजू सिनेमाकडून आली. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा सिंह १९२४ पासून पडद्यावर आहे आणि त्याची डरकाळी १९२८ पासून ऐकू येऊ लागली. महाराष्ट्रात १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तुतारी फुंकणारी तिची ललना आणि त्या तुतारीचे सूर हे चित्र आणि ध्वनी एकमेकांतून कसे उगवावेत याचे आजही मला सर्वांत चांगले उदाहरण वाटते. पडद्यावर जे दिसते आहे तेच वाजते आहे. चित्र एका गावचे आणि संगीत दुसऱ्या गावचे असा प्रकार तिथे नाही.

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर निर्मिती संस्थेची खूण कार्यक्रमाच्या शेवटी, श्रेयनामावली संपल्यावर येऊ लागली. कार्यक्रम फिल्मवर असत, त्यांच्या प्रती एका केंद्राकडून दुसऱ्याकडे पुनःप्रसारणासाठी जात, आणि वितरकाचे नाव त्या फिल्मच्या शेपटीला जोडलेले असे. १९५० च्या दशकात मार्क सेव्हन या संस्थेने दोन हात, एक छिन्नी आणि हातोडा दाखवून धातूवर आपले नाव ठोकले जाताना दाखवले. संगीत नव्हते, हातोड्याचा घाव हाच आवाज होता. ज्याने लोहाराची भट्टी पाहिली आहे त्याला ही कल्पना लगेच पटेल.

मग १९६५ मध्ये स्क्रीन जेम्सने एरिक साइडे या संगीतकाराकडून इलेक्ट्रॉनिक यंत्रावर काही सेकंदांची धून करून घेतली. दोन पट्ट्या एका ठिपक्याभोवती वळून इंग्रजी ‘एस’ अक्षर तयार होई आणि त्यावर ते थंड, अनोळखी सूर वाजत. त्या पिढीतील पुष्कळ मुलांना त्याची भीती वाटे, आणि १९७६ मधल्या व्हायाकॉमच्या खुणेचीही. तिथे मोठे ‘व्ही’ अक्षर अंधारातून अंगावर चालून येत असे. मोठेपणी त्या लोकांनी या भीतीविषयी इतके लिहिले की अशा खुणा जमवण्याचा आणि अभ्यासण्याचा छंदच तयार झाला. ध्वनीच्या माणसाला या भीतीचे कारण उघड दिसते. मालिकेचे ओळखीचे संगीत हळूहळू विरते, क्षणभर शांतता पडते, घरात दिवा मंद असतो, आणि त्या शांततेत कोणतीही चाहूल न देता पूर्ण पातळीवर असा आवाज येतो ज्याचे वाद्य मुलाला ओळखता येत नाही. सुरात दोष नव्हता. शांततेनंतरच्या पहिल्याच क्षणी असलेला त्याचा जोर हा दोष होता. तुमच्या धुनेच्या पहिल्या पाव सेकंदाची काळजी घ्या असे मी पुढे म्हणणार आहे, ते यामुळे.

१९७० नंतर अशा खुणांचा अमेरिकेत पूर आला, त्यामागे सरकारी नियम होता. तेथील दूरसंचार आयोगाने त्या वर्षी मोठ्या जाळ्यांना बाहेरच्या निर्मात्यांच्या कार्यक्रमांत आर्थिक हिस्सा ठेवण्यास आणि त्या कार्यक्रमांचे पुनःप्रसारणाचे हक्क विकण्यास बंदी केली. सीबीएस या जाळ्याला आपला वितरण विभाग वेगळा काढावा लागला. १९७१ ची व्हायाकॉम ती हीच. स्वतंत्र निर्मात्यांना बळ आले आणि प्रत्येकाला आपले नाव प्रेक्षकाच्या लक्षात राहावे असे वाटू लागले. एमटीएम या संस्थेने मेट्रोच्या सिंहाच्या जागी मांजरीचे पिल्लू बसवले आणि डरकाळीच्या जागी म्याँव. गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग या निर्मात्याने आपल्या उबू नावाच्या कुत्र्याचे छायाचित्र लावले आणि त्याला बसायला सांगणारा आवाज स्वतःच दिला. या दोन्हींत संगीत जवळपास नाहीच, तरी त्या खुणा जगभर ओळखल्या गेल्या. पैसा नसलेल्यांनी हे आवर्जून पाहावे.

ब्रिटनमध्ये थेम्स टेलिव्हिजनने लंडनच्या इमारतींचे नदीतले प्रतिबिंब आणि जॉनी हॉक्सवर्थ यांची धून घेतली. १९८२ मध्ये चॅनेल फोरने रंगीत ठोकळे एकत्र येऊन ४ हा अंक होतो असे चित्र आणले. त्यावरची डेव्हिड डंडास यांची धून चार स्वरांचीच होती. युरोपातील संयुक्त प्रसारणासाठी तर नवीन काही न करता शार्पांतिए या सतराव्या शतकातील फ्रेंच संगीतकाराच्या प्रार्थनेचा आरंभच उचलला गेला.

आता आपले दूरदर्शन. प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, पण त्याला स्वतःचा चेहरा मिळाला तो १ एप्रिल १९७६ रोजी आकाशवाणीपासून वेगळे झाल्यावर. चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देवाशिस भट्टाचार्य या विद्यार्थ्याच्या हातचे. मध्ये वर्तुळ आणि भोवती दोन वळणदार रेषा, म्हणजे डोळा. धून पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. वेगवेगळ्या वळणांवर ठेवलेली आकृतीची चित्रे कॅमेऱ्याखाली एकामागून एक टिपून ते फिरणे साधले होते. संगणक त्यात नव्हता.

या धुनेविषयी मला थोडे जास्त लिहायचे आहे, कारण तिचे यश मी माझ्या हातांनी अनुभवले आहे. त्या काळी आमच्या भागात बहुतेक संच कृष्णधवल होते. त्यांत जेमतेम तीन-चार इंचांचा स्पीकर असे आणि त्याचा कागद पावसाळ्यात ओल धरून फाटलेला असे. खर्जातले स्वर असा स्पीकर देतच नाही. मात्र सनईसारख्या वाद्याच्या आवाजात मूळ स्वराच्या वरचे उपस्वर भरपूर असतात, आणि माणसाचा कान ज्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणजे साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झ, तिथेच ते पडतात. म्हणून ग्रामपंचायतीच्या ओसरीवरच्या एका संचातून ती धून सुरू झाली की गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या घरात कळायचे आणि मुले धावत सुटायची. चित्राचेही तसेच. रंग नसला तरी ती आकृती ओळखू येई, अँटेना वाऱ्याने फिरून पडद्यावर मुंग्या आल्या तरी ओळखू येई, आणि ती मधोमध असल्याने पडद्याच्या कडा चित्र कापत तरी तिचे काही बिघडत नसे. गिऱ्हाइकाचा संच दुरुस्त झाला की नाही हे मी कितीदा तरी तो डोळा सरळ गोल दिसतो की लांबट, यावरून ठरवले आहे.

प्रायोजित मालिकांचा काळ आल्यावर निर्मिती संस्था आपल्या लोकांना नावानिशी कळू लागल्या. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून आणि ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ पासून रविवारी सकाळी दिसू लागले. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून संच चालवला जाई. तशी जोडणी मी स्वतः अनेक गावांत करून दिली आहे. ‘महाभारत’ बी. आर. चोप्रांच्या संस्थेचे होते हे शाळकरी मुलेही सांगत. १९९२ मध्ये झी टीव्ही आणि १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी आल्यावर निर्मात्यांची संख्या झपाट्याने वाढली. बालाजी टेलिफिल्म्सचे नाव आणि चिन्ह दोन्ही देवावरून आलेले, तर अन्य कोणाचे निव्वळ अक्षरांचे. मराठीत मात्र प्रेक्षकांच्या मनात संस्थेची धून फारशी बसली नाही. ती जागा शीर्षकगीतांनी घेतली. अशोक पत्की यांचे ‘आभाळमाया’चे गीत ज्यांना पाठ आहे, त्यांतील फार थोड्यांना ती मालिका कोणत्या संस्थेची होती हे सांगता येईल. याची मला खंत वाटते.

त्यात भर पडली ती अमेरिकेतून आलेल्या एका सवयीची. १९९४ मध्ये एनबीसीने प्रेक्षक दुसरीकडे वळू नये म्हणून श्रेयनामावली पडद्याच्या एका बाजूला दाबून दुसऱ्या बाजूला पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात दाखवायला सुरुवात केली. इतर वाहिन्यांनीही ते उचलले, आणि निर्मिती संस्थेची खूण एक-दोन सेकंदांची, पुष्कळदा बिनआवाजाची होऊन बसली. आपल्याकडेही आज मालिकेच्या शेवटी नावे वाचता येत नाहीत इतक्या वेगाने पळतात. तुम्ही स्वतःच निर्माते आणि स्वतःच प्रसारक आहात. हे स्वातंत्र्य मोठमोठ्या मालिकांच्या निर्मात्यांना नाही, म्हणून ते नीट वापरा.

आता तुमच्या धुनेकडे. तुम्ही म्हणता ते ढोल-तुताऱ्यांचे संगीत बहुधा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे, आल्फ्रेड न्यूमन यांनी १९३३ मध्ये रचलेले आहे. न्यूमन १९७० मध्ये वारले. आपल्या कायद्यात संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळा, आणि एखादी धून व्यापारी ओळख म्हणून नोंदलेली असली तर तो आणखी निराळा. इंटरनेटवर नाटक चढवताच यंत्रणा ती धून ओळखेल आणि तुमच्या नाटकाचे उत्पन्न थांबेल किंवा नाटकच उतरवले जाईल. पण हे सगळे बाजूला ठेवले, तरी प्रेक्षकाला ती धून ऐकून तुमची आठवण कशी येणार? तो दुसऱ्याचा चेहरा आहे. शिवाय पन्नास-साठ वादकांचा तो भरणा मोबाइलच्या स्पीकरमधून चिंचोळा होऊन बाहेर पडतो.

माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नाट्यमंडळासाठी मी ढोलाच्या घुमाऱ्यावर आधारलेली धून केली. मोठ्या स्पीकरवर ती छातीत वाजे. मंडळाने ती चित्रफितींवर लावली, आणि गावात मोबाइलवर पाहणाऱ्यांना सुरुवातीचे चार सेकंद आवाजच नाही असे वाटले. चूक पूर्णपणे माझी होती. मोबाइलच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही बाहेर पडत नाही, आणि मी सगळा जीव तिथेच ओतला होता. पुढे मी ढोल तसाच ठेवून टिपरीच्या फटक्याचा वरचा भाग उचलला आणि ढोलाच्या आवाजाला किंचित खरखर देऊन त्यात उपस्वर वाढवले. उपस्वर ऐकू आले की मूळ खर्ज स्पीकरने दिला नाही तरी मेंदू तो स्वतः भरून काढतो. त्यानंतर कोणाची तक्रार आली नाही.

म्हणून माझा सल्ला खंजिरीचा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भातल्या प्रत्येक गावाने तो आवाज ऐकला आहे. तिच्या झांजा नेमक्या त्याच तीक्ष्ण पट्ट्यात वाजतात, आणि चामड्यावरची थाप वेळ पक्की करते. खंजिरीचे दोन-तीन ठोके, त्यावर झाडीपट्टीच्या नाटकात असतेच अशा ऑर्गनचे तीन किंवा चार स्वर, आणि शेवटचा स्वर षड्जावर विसावलेला, एवढे पुरे. एकूण चार सेकंद, फार तर पाच. नाटक रात्रभराचे असले तरी चित्रफीत तुकड्यांत पाहिली जाते, आणि प्रत्येक तुकड्याआधी पंधरा सेकंद ऐकावे लागले तर माणूस पुढे ढकलतो. कोणाचे भजन किंवा नाट्यगीताची ओळ घेऊ नका; वाद्य सगळ्यांचे असते, चाल कोणाची तरी असते.

पहिला ठोका पूर्ण जोराने न देता आधी पाव सेकंदभर झांजांची हलकी किणकिण येऊ द्या, म्हणजे कान सावध होईल. आवाजाची पातळी नाटकातील संवादांच्या पातळीशी जुळवा. इंटरनेटवरच्या मंचांवर फार मोठा आवाज आपोआप खाली ओढला जातो, त्यामुळे चढवून काही हाती लागत नाही. डावा-उजवा आवाज एकत्र मिसळून (मोनो) ऐकून पाहा, कारण दोन माइकांचे अंतर चुकले असेल तर एका स्पीकरच्या फोनवर स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. चित्रातले नाव देवनागरीत, मधोमध आणि ठळक ठेवा, आणि ते एकदा काळ्या-पांढऱ्यात करून पाहा. तिथे आकृती ओळखू आली तरच रंग भरा. खंजिरी वाजते आहे तर हात आणि खंजिरी दिसू द्या.

धून पक्की झाल्यावर खंजिरी आणि ऑर्गन वाजवणाऱ्यांना मानधन द्या आणि ती धून संस्थेने कायम वापरायची आहे असे साध्या कागदावर तारखेसह लिहून त्यांची सही घ्या. पुढे संस्था वाढली तर वाद याच जागी होतात. ध्वनिचिन्ह म्हणून नोंदणी आपल्या देशातही होते. २००८ मध्ये याहू या इंटरनेट कंपनीच्या आरोळीला पहिली नोंद मिळाली, आणि २०१७ च्या नियमांनुसार ३० सेकंदांपेक्षा मोठी नसलेली एमपी-थ्री फाइल व तिचे स्वरलेखन अर्जासोबत द्यावे लागते. ते लगेच करण्याची घाई नाही. मूळ ध्वनिमुद्रण मात्र, प्रत्येक वाद्याच्या न मिसळलेल्या स्वतंत्र ट्रॅकसह, दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू होण्याआधी कच्ची धून घेऊन वडशाला आलात तर आपण ती माझ्या बाकावरच्या जुन्या तीन इंची स्पीकरवर लावून ऐकू.